घाटाकडे वळलेला कॅमेरा : पिंपरी-चिंचवड, चाकण आणि हौशी छायाचित्रकारांची भटकंती

१/
पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघून हॅरिस पूल ओलांडला की दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी, देहूरोड अशी गावे ओळीने लागतात. उत्तरेकडे भोसरी, मोशी आणि चाकण. आज हा देशातील प्रमुख वाहनउद्योग पट्ट्यांपैकी एक आहे. शंभर वर्षांपूर्वी सहलीला निघालेल्यांच्या लेखी तो घाटाकडे जाताना मागे टाकायचा सपाट मुलूख होता.

२/
कार्ले, खंडाळा, लोहगड, राजमाची ही सहलीची ठिकाणे, आणि कॅमेरा निघे तो तिथेच. पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी छायाचित्रे काढणाऱ्या माणसांनी या वाटेवर काय टिपले, काय वगळले, आणि त्या वगळण्यामुळे या पट्ट्याच्या इतिहासाचे काय झाले, याविषयी हा धागा.

३/
प्रथम रस्ता. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये बोरघाटाचा कडा उभा होता. पेशवाईच्या अस्तानंतर बारा वर्षांनी, १८३० मध्ये, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटातून चाकांच्या गाड्यांसाठी पक्का रस्ता खुला झाला. त्यामुळे मुंबईचा माणूस गाडीतून देशावर येऊ लागला.

४/
त्यानंतर दोन तपांच्या आत मुंबईत कॅमेऱ्याची हौस रुजली. १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या आरंभीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. व्यवसायाने वैद्य, आवडीने छायाचित्रकार.

५/
१८५६ ते १८५८ या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मुंबईतून ‘इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ हे मासिक काढले. छायाचित्र छापण्याचे तंत्र तेव्हा हाताशी नव्हते, म्हणून अंकांत मूळ छायाचित्रेच चिकटवलेली असत. ‘ॲमॅच्युअर’ म्हणजे हौशी. हा शब्द मुंबईत एका प्रकाशनाच्या नावातच येऊन बसला होता.

६/
मात्र ही हौस स्वस्त नव्हती. १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्या काचे’च्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्यापूर्वी अंधारात धुऊन काढायची. दख्खनच्या उन्हात या साऱ्याला मिळत ती मोजकी मिनिटे.

७/
म्हणजे एका दिवसाच्या सहलीसाठीसुद्धा अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या, पाणी आणि ते सारे वाहणारी माणसे सोबत हवीत. इतका खटाटोप करून आलेला माणूस पिंपरीच्या शिवारातील ज्वारीवर काच खर्च करील, ही अपेक्षाच गैर. त्याची काच राखून ठेवलेली असे ती लेण्यांसाठी, कड्यांसाठी आणि धबधब्यांसाठी.

८/
कार्ल्याचे चैत्यगृह एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकारांचे आवडते झाले, त्यामागे हेही एक कारण होते. रस्त्यापासून जवळ, भव्य आणि स्थिर. ज्या काळात काचेला प्रकाश अधिक वेळ द्यावा लागे, त्या काळात दगडाचे खांब हलत नसत. माणसे हलत. चित्रात माणूस उभा केला जाई तो बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून.

९/
याच घाटात एक वेगळा कॅमेराही होता. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला. खाली खोपोलीपर्यंत गाडी आधीच आली होती. मधला घाट तेवढा उरला, आणि प्रवाशांना तो रस्त्याने पार करावा लागे. घाटातील लोहमार्गाचे काम विलक्षण कठीण होते. पहिल्या कंत्राटदाराने ते अर्ध्यावर सोडले.

१०/
१८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल हे नवे कंत्राटदार आले आणि काही आठवड्यांतच मरण पावले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेतले, जाणकार अभियंत्यांच्या हाती व्यवस्था सोपवली आणि काम तडीस नेले. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली. या बांधकामाच्या छायाचित्रांचे संग्रह याच ॲलिस ट्रेडवेल यांच्या नावाशी जोडलेले आहेत.

११/
त्या छायाचित्रांचा विषय निसर्गशोभा नव्हता. अर्धवट पूल, बोगद्यांची तोंडे, फोडलेला खडक, म्हणजे घडत असलेले काम. या घाटात हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी मेले. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. त्यांच्या हातून काय उभे राहत होते, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा मात्र त्या काचांमुळे मागे राहिला.

१२/
इथे दोन नजरा वेगळ्या होतात. एक नजर पूर्ण झालेल्या, देखण्या, जुन्या वस्तूकडे जाते. दुसरी अपुऱ्या, ओबडधोबड, चालू कामाकडे. पुढील दीडशे वर्षे या वाटेवरील हौशी छायाचित्रणात पहिली नजर जवळजवळ एकटीच राज्य करीत राहिली.

१३/
१८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा बाजारात आला. शंभर चित्रांचा गुंडाळा आत भरलेला. तो संपला की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा ‘ब्राउनी’ आला. तंबू, काचा आणि रसायने यांतून हौशी माणूस सुटला. कॅमेरा आता सहलीच्या डब्यांशेजारी ठेवता येऊ लागला.

१४/
त्याच सुमारास मुंबईत मोटार आली. जमशेटजी टाटा हे हिंदुस्थानातील अगदी आरंभीच्या मोटारमालकांपैकी एक. मोटारींची संख्या वाढत गेली आणि १९१९ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ ही मोटारवाल्यांची संस्था मुंबईत स्थापन झाली. पुण्याचा रस्ता हा या मंडळींचा स्वाभाविक पल्ला होता.

१५/
मोटारीने एक मूलभूत बदल घडवला. आगगाडी स्थानकावरच थांबते. मोटार कुठेही थांबू शकते. आकुर्डीच्या माळावर, चिंचवडच्या नदीकाठी, देहूच्या फाट्यावर उतरून चित्र काढणे आता शक्य होते. कॅमेरा हलका झाला होता, वाहन स्वाधीन होते. सपाट मुलुखाचे चित्र काढण्यास कसलीच अडचण उरली नव्हती.

१६/
तरीही थांबे बदलले नाहीत. मोटार थांबे ती घाटमाथ्यावर, नागफणीचा सुळका दिसे तिथे, नाहीतर कार्ल्याच्या पायथ्याशी. चित्रात एक नवी वस्तू तेवढी आली, ती म्हणजे स्वतः मोटार. चाकाच्या पंख्यावर हात टेकलेले यजमान, मागे कुटुंब, त्यामागे डोंगर. अशा चित्रांत वाहन हेच पुष्कळदा खरे प्रेक्षणीय स्थळ असते.

१७/
वाटेवर पाहण्यासारखे काही नव्हते, असे मुळीच नाही. चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी, देवस्थानचा वाडा. तेच चिंचवड चापेकर बंधूंचे. देहूला तुकोबा, आळंदीला ज्ञानदेव. वडगावला १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रज फौजेला तहास भाग पाडले. या टापूत दर काही कोसांवर इतिहास आहे.

१८/
चाकणचे उदाहरण सर्वांत बोलके. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग सुमारे दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हा कोट पडला. शिवकालातील अत्यंत चिवट लढतींपैकी ही एक.

१९/
पण संग्रामदुर्ग हा भुईकोट. चढण नाही, कडा नाही, वर पोहोचल्यावर पसरणारे खोरे नाही. ज्याला ‘देखावा’ हवा, त्याला इथे थांबण्याचे कारण सापडत नाही. डोंगरी किल्ल्यांची चित्रे घरोघरच्या संग्रहांत साठत गेली. चाकणचा कोट गावाच्या वस्तीत हळूहळू मिसळत गेला, आणि आज तटाचे थोडके अवशेष उरले आहेत.

२०/
येथे या कथेत तळेगाव दाभाडे येते. सरसेनापती दाभाड्यांचे हे गाव जुन्या मुंबई रस्त्यालगत आहे आणि पूर्वेकडे चाकणशी रस्त्याने जोडलेले आहे. १९४७ च्या सुमारास एक एकतीस वर्षांचा भटका लेखक येथे स्थायिक झाला : गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजेच गोनीदा.

२१/
जन्म ८ जुलै १९१६, परतवाडा. शाळकरी वयात स्वातंत्र्यचळवळीसाठी घर सोडलेले. गाडगे महाराजांचा सहवास, नर्मदेची परिक्रमा, पायाखाली घातलेला मोठा मुलूख. तळेगावी येऊन त्यांनी लेखणीवर संसार चालवला. ‘स्मरणगाथे’ला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १ जून १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

२२/
गोनीदांची कादंबरीकार म्हणून कीर्ती मोठी, म्हणून त्यांचा कॅमेरा काहीसा झाकोळला गेला. ते आयुष्यभर किल्ले चढत राहिले आणि चढताना छायाचित्रे काढीत राहिले. छायाचित्रण हा त्यांचा पेशा नव्हता. पुढे त्यांनी काढलेली किल्ल्यांची चित्रे ‘गोनीदांची दुर्गचित्रे’ या नावाने पुस्तकरूपात आली.

२३/
त्यांचा प्रवास मोटारसहलीचा नव्हता. तो काळ एसटीच्या बालपणाचा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत पक्का रस्ता क्वचितच असे. गाडी सोडेल तिथे उतरायचे आणि पुढचे अंतर पायी तोडायचे, ही तेव्हाची सर्वसाधारण रीत.

२४/
पायी चालण्याने पाहण्यात फरक पडतो. मोटारीतून उतरणारा थेट माथ्याच्या दृश्याशी येतो. चालणाऱ्याला आधी घेऱ्यातील वाडी लागते, पाणी विचारावे लागते, वाट विचारावी लागते, रात्री कोणाच्या तरी पडवीत आसरा घ्यावा लागतो. किल्ल्याइतकाच किल्ल्याखालचा माणूस त्याच्या ओळखीचा होतो.

२५/
गोनीदांच्या लेखनात हे लख्ख दिसते. ‘माचीवरला बुधा’ म्हणजे मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरात परतलेल्या म्हाताऱ्याची कथा. ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंग किल्ल्याच्या हवालदाराची. दोन्ही ठिकाणी गड आहे, पण कथा गडाच्या सावलीत जगणाऱ्या माणसाची आहे.

२६/
आता पवनेचे खोरे नीट डोळ्यांसमोर आणावे. सह्याद्रीतून निघालेली पवना तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर यांच्या कुशीतून वाहत खाली येते आणि चिंचवड, पिंपरी ओलांडून दापोडीच्या बाजूने मुळेला मिळते. उगमाकडे गड, मुखाकडे कारखाने. सहलवाल्यांच्या दोन वेगळ्या जगांना एकच नदी बांधते.

२७/
‘पवनाकाठचा धोंडी’ १९५० च्या दशकात लिहिली गेली. १९६६ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. १९७० च्या दशकाच्या आरंभी पवना धरण पूर्ण झाले, खोऱ्यातील गावांची शेते आणि घरे पाण्याखाली गेली. धोंडीचे पवनमावळ जसे होते तसे आता त्या कादंबरीत भेटते, प्रत्यक्षात नाही.

२८/
धरणाचे पाणी नदीतून खाली सोडले जाते आणि पिंपरी-चिंचवडला पुरवले जाते. शहर वाढले ते या पाण्यावर. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र पुढील पिढ्यांपर्यंत लोंबकळत राहिला. थेट बंद जलवाहिनीच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातील शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्गावर आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला.

२९/
आज पवनेच्या जलाशयाकाठी तंबू ठोकून काढलेली सूर्यास्ताची चित्रे रोज शेकड्यांनी प्रसिद्ध होतात. चित्र सुंदर आहे, खोटेही नाही. पण ते पाणी तेथे केव्हा आले, त्याखाली काय आहे आणि ते कोठे जाते, हे त्या चौकटीत नाही. ते सांगण्यासाठी चित्राला इतिहासाची जोड लागते.

३०/
आता नदीच्या दुसऱ्या टोकाकडे. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षापासून पिंपरीत पेनिसिलिन बनू लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि माळरानांवर भूखंड आखले जाऊ लागले.

३१/
त्याच दशकात टेल्को आणि बजाज ऑटो येथे आल्या. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. ज्या रस्त्याने परदेशी बनावटीच्या मोटारी नुसत्या धावत जात, त्या रस्त्याच्या कडेला आता वाहनेच घडू लागली.

३२/
बजाजने प्रथम इटलीच्या पियाज्जिओच्या परवान्याने व्हेस्पा बनवली. परवाना संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. मागणी इतकी की नावनोंदणी केल्यावर स्कूटर दारात यायला कित्येक वर्षे लागत. तिला हार घालून काढलेले छायाचित्र हे त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाच्या संग्रहातील ठरलेले पान झाले.

३३/
कॅमेराही देशी झाला होता. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री हा साधा, टिकाऊ डबा पुष्कळ घरांत पोहोचला. एका फिल्मवर बारा चौकोनी चित्रे. उटीच्या ‘हिंदुस्तान फोटो फिल्म्स’ या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म १९६७ पासून तयार होऊ लागली.

३४/
औद्योगिक वसाहतीतील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे या पट्ट्यातील कितीतरी घरांची सहल ‘रविवारची’ नसून गुरुवारची. आठवडाभर यंत्रावर उभा राहणारा माणूस सुट्टीला स्कूटरवर कुटुंब बसवून लोहगडाच्या, कार्ल्याच्या, भुशी धरणाच्या दिशेने निघे. पुढे मुलगा उभा, मागे पत्नी, तिच्या मांडीवर धाकटे. कॅमेरा हँडलला अडकवलेल्या पिशवीत.

३५/
बारा चित्रे. त्यांतील एखादे वाया जाणार हे धरलेले. म्हणून प्रत्येक चित्र विचारपूर्वक. गणेश दरवाज्यापाशी कुटुंब, विंचूकाट्यावर मुले, एकवीरेच्या पायऱ्यांवर आजी. या बारांत कारखान्याच्या दारासाठी जागा नव्हती. आतमध्ये कॅमेरा नेण्यास बहुधा मनाई असे, आणि रोजच्या कामाच्या जागेचे चित्र सुट्टीच्या दिवशी कोण काढणार?

३६/
अशा रीतीने हा पट्टा हौशी छायाचित्रातून दोनदा निसटला. पहिल्यांदा तो सपाट शेतीचा, ‘काही नसलेला’ मुलूख होता म्हणून. दुसऱ्यांदा तो रोजच्या राबण्याची जागा झाला म्हणून. ज्या पिढीने हे शहर उभारले, त्या पिढीच्या संग्रहात हे शहर क्वचितच समोरून दिसते.

३७/
ते दिसते ते कडेने, नकळत. स्कूटरमागे मैलाचा दगड असतो. मुलाच्या डोक्यावरून जुन्या रस्त्याच्या वडाची फांदी डोकावते. बारशाच्या चित्रात खिडकीबाहेर न बांधलेला माळ असतो. छायाचित्रकाराला हे टिपायचे नव्हते. आज त्या चित्रात सर्वांत मोलाचे तेच ठरते.

३८/
म्हणून जुने घरगुती छायाचित्र वाचायला शिकणे आवश्यक आहे. पहिली खूण आकाराची. चौकोनी चित्र बहुधा बारा चित्रांच्या मोठ्या फिल्मचे. कृष्णधवल चित्राच्या कडा दातेरी असतील तर ते सामान्यतः विसाव्या शतकाच्या मध्यातले. रंगीत चित्र तांबूस पडले असेल तर त्याचे रंग काळाने उडालेले असतात, ती संध्याकाळच असते असे नाही.

३९/
दुसरी खूण वाहनाची. चेतक दिसली तर चित्र १९७२ च्या आधीचे नाही. मारुती ८०० दिसली तर डिसेंबर १९८३ च्या आधीचे नाही. पाटीवर एमएच-१४ वाचता आले, तर ते जुन्या तीन अक्षरी क्रमांकांच्या काळानंतरचे, आणि वाहन पिंपरी-चिंचवडला नोंदलेले. वाहनाने चित्राची तारीख अचूक कळत नाही, पण आधीची हद्द पक्की होते.

४०/
तिसरी खूण भूगोलाची. तिकोन्यावरून काढलेल्या चित्रात खाली शेते आहेत की जलाशय? खंडाळ्यावरून घाटात रुंद द्रुतगती मार्ग दिसतो का? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, त्याचे काही टप्पे त्यापूर्वी खुले झाले होते. डोंगर तेच राहतात. तारीख सांगते ती पायथ्याची जमीन.

४१/
चौथी खूण सावलीची. सूर्य पाठीशी ठेवून चित्र काढावे, हा घरोघरी पाळला जाणारा नियम. त्यामुळे चित्राच्या तळाशी पुष्कळदा काढणाऱ्याचीच सावली पडते : कोपर बाहेर, मान खाली. घरातील छायाचित्रकार स्वतः कोणत्याच चित्रात नसतो. त्या सावलीपुरता तो असतो. ते कोण, हे विचारायला हवे.

४२/
या साऱ्याला घाई का, तर हा पट्टा फार वेगाने बदलला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चाकणच्या परिसरात वाहनांचे कारखाने येऊ लागले. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने तेथे उभे राहिले. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव एका पिढीत मालमोटारींच्या रांगांचे गाव झाले.

४३/
याच काळात जुना रस्ता रुंद झाला, कडेची झाडे गेली, उड्डाणपूल आले, बैठी घरे जाऊन मजले चढले. आरंभीच्या कामगार वसाहती आता पाडून नव्याने बांधल्या जात आहेत. घर रिकामे होताना कपाटावरची पत्र्याची पेटी निघते. तिच्यात चित्रे असतात, पण त्यांतील माणसे आणि जागा ओळखणारे हयात असतीलच असे नाही.

४४/
गडांच्या बाबतीत हौशी कॅमेऱ्याने मोठे काम केले, हे मान्यच करावे लागेल. गोनीदांसारख्यांच्या लेखनाने आणि चित्रांनी पिढ्यांना गडांकडे वळवले. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांत लोहगड आहे. जे पुन्हा पुन्हा पाहिले गेले, ते जपण्याची मागणीही उभी राहिली.

४५/
त्याची दुसरी बाजू अशी की जे पाहिलेच गेले नाही, त्यासाठी मागणी करणारे कोणी उरत नाही. चाकणचा भुईकोट, पवनेखालची शिवारे, पिंपरीची निर्वासित छावणी, आकुर्डीचा कामगार. त्यांच्यावर कोणी अन्याय करायचा म्हणून कॅमेरा फिरवला नव्हता. कॅमेरा घाटाकडे वळलेला होता, इतकेच.

४६/
आज प्रत्येक खिशात कॅमेरा आहे आणि चित्रांची मोजदाद नाही. तरी नजर बहुधा तीच. पावसाळ्यात लोहगडाची एकच चौकट हजारो वेळा टिपली जाते. शेजारच्या गल्लीतील लेथ चालवणाऱ्या छोट्या कारखान्याचे, कामगारांच्या खानावळीचे, पाडायला काढलेल्या वसाहतीचे चित्र मात्र सहसा निघत नाही. आणखी पन्नास वर्षांनी कमतरता भासेल ती यांची.

४७/
जुन्या चित्रांसाठी करण्यासारखे काम अवघड नाही. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने चार गोष्टी लिहिणे : गाव, साल, माणसे, चित्र कोणी काढले. शाईचे पेन वापरू नये, ती पुढे उमटते. निगेटिव्ह टाकून न देता कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवणे. चित्र फोनवर उतरवताना पुढची बाजू आणि मागची बाजू अशा दोन्ही घेणे.

४८/
आणि हे काम वडीलधारी माणसे सोबत असताना करणे उत्तम. चित्रातील गड कोणता, हे कोणीही सांगेल. त्या गुरुवारी स्कूटर कोठे बंद पडली, वाटेत पाणी कोणी दिले, रस्त्याच्या कडेला तेव्हा शेत होते की भिंत, हे ज्याने हँडल धरले होते त्यालाच ठाऊक असते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या इतिहासाचा एक मोठा भाग अजून तिथेच, त्याच्या आठवणीत, तारखेवाचून पडून आहे.